पट वाढेल तर मास्तर

शाळेत मास्तर किती, हे पटावरची पोरं ठरवतात. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि त्याच्या परिशिष्टात एक छोटंसं कोष्टक आलं. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६०पर्यंत मुलं असतील तर २ शिक्षक, ६१ ते ९० असतील तर ३, ९१ ते १२० असतील तर ४, २००पर्यंत ५. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना निदान एकेक. दरवर्षी पट मोजला जातो आणि त्यावरून शिक्षण खातं शाळेची ‘संचमान्यता’ काढतं, म्हणजे या शाळेला अमुक इतकी पदं मंजूर असं लिहून देतं. अलीकडे ही मोजणी मुलांच्या आधार नोंदणीला जोडली आहे. एकसष्टावं मूल आधार कार्डावरच्या नावातल्या काना-मात्रेपायी बाद झालं, तर त्याच्याबरोबर एका शिक्षकाची जागाही जाते. जागा गेलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन करावं लागतं, आणि ही समायोजनं मार्गी लागेपर्यंत नव्या माणसाचा नंबर येत नाही.

प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, म्हणजे डी.एड.ला, प्रवेश घेताना हे कोष्टक कुणी समोर ठेवत नाही. ठेवायला हवं. मुलांची आवड, मानसशास्त्र, फळा-खडू हे सगळं नंतर येतं. आधी प्रश्न असतो तो आपण शिकवू अशी मुलं कुठं आहेत आणि ती कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत, हा.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तो प्रश्न फार उघडपणे दिसतो. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी, आकुर्डीचं बजाज, पिंपरीचं टेल्को. ११ ऑक्टोबर १९८२ला महापालिका झाली. २००१च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेलं शहर २०११मध्ये सव्वासतरा लाखांवर गेलं. चाकणची ओळख बराच काळ फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला भुईकोट आणि कांद्याचा बाजार एवढीच होती. १९९९मध्ये बजाजचा नवा कारखाना आला, २००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने पाठोपाठ आले. २०११ला चाकणची लोकसंख्या ४१ हजार मोजली गेली. नगरपरिषद व्हायला २०१५ उजाडलं. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे इथल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या जमिनीवर खोल्या काढल्या आणि त्यांत लातूर, नांदेड, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव इथली, तशीच उत्तर प्रदेश-बिहारमधली कुटुंबं राहायला आली. कुटुंबाबरोबर मुलं आली. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेच्या पटावरून चार नावं कमी झाली आणि खेड किंवा हवेली तालुक्यातल्या शाळेच्या पटावर चढली. तिकडचा मास्तर अतिरिक्त होण्याच्या वाटेला लागला, इकडे एका वर्गात मुलं मावेनाशी झाली.

त्या गावांमधून आणखी एक जण याच पट्ट्यात आलेला असतो: डी.एड. किंवा बी.एड. होऊन बसलेला तरुण. तो ठेकेदारामार्फत एखाद्या कंपनीत असेंब्ली लाइनवर, क्वालिटी चेकिंगला नाहीतर गोदामात लागलेला असतो. एक आठवडा पहिली पाळी, पुढचा दुसरी, मग रात्रपाळी. खोलीत चौघं, त्यांतले दोघं झोपलेले. अभ्यासाला मग भोसरी, निगडी किंवा चाकणमधली महिन्याच्या फीची अभ्यासिका. त्याच्याच गावची मुलं रस्त्यापलीकडच्या शाळेत असतात, त्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण त्याच्याकडे असतं, आणि तो दिवसभर गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. या विसंगतीसाठी मी कंपनीला जबाबदार धरणार नाही. कंपनीनं निदान पगार वेळेवर दिला.

इतकी प्रशिक्षित माणसं झाली कशी, याला एक पार्श्वभूमी आहे. विशेषतः गावाकडे, एकेकाळी बारावीला चांगले गुण मिळाले की डी.एड. हा हमखास रस्ता मानला जाई. दोन वर्षं सराव पाठ द्यायचे, पाठ टाचणं लिहायची, छात्राध्यापक म्हणून एखाद्या शाळेत उभं राहायचं, की विशी-बाविशीत सरकारी नोकरी. २००० साली शिक्षण सेवक योजना आली, तेव्हा सुरुवातीची तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची अट पडली, तरी ओढा कमी झाला नाही. मागणी पाहून विनाअनुदानित अध्यापक विद्यालयं जागोजाग उघडली आणि दरवर्षी हजारो पदविकाधारक बाहेर पडू लागले. मग ऑक्टोबर २०११मध्ये सरकारनं सलग तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली. एकाच वेळी सगळ्या शाळांतली डोकी मोजली. कागदावर असलेली लाखो मुलं वर्गात नव्हती. त्या बनावट पटावर मंजूर झालेले शिक्षक एका फटक्यात जास्तीचे ठरले आणि २ मे २०१२ला खासगी अनुदानित शाळांमधली भरती थांबवण्याचा आदेश निघाला. संस्थाचालकांनी फुगवलेल्या पटाची किंमत त्या वर्षी डी.एड.च्या वर्गात बसलेल्या मुलांनी मोजली. पुढं अध्यापक विद्यालयांतल्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि अनेक विद्यालयं बंद पडली. प्रशिक्षण घेऊन बसलेल्यांची संख्या मात्र कमी झाली नाही.

आता इच्छुकाला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं प्रशिक्षण. दुसरं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ऑगस्ट २०१०मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांना बंधनकारक केली. महाराष्ट्रात राज्य परीक्षा परिषदेनं पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ला घेतली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. दुसरा सहावी ते आठवीसाठी. खुल्या गटाला ६० टक्के, राखीव गटांना ५५. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही निकाल अनेकदा तीन ते पाच टक्क्यांच्या घरात अडकतो. याचा दोष उमेदवारांवर टाकणं सोपं आहे, आणि वर्तमानपत्रं दर निकालाला तेच करतात. पण शंभरातले पंचाण्णव जण नापास होत असतील तर त्यांना पदविका देणाऱ्या विद्यालयांना कुणी काही विचारलं का? माझ्या पाहण्यात तरी नाही.

ज्या परीक्षेत इतके कमी पास होतात तिथं दलाल येणारच. २०२१च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या सायबर शाखेनं टीईटीच्या निकालात पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण उघडकीला आणलं. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. प्रामाणिकपणे पास झालेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही त्यानंतर काही काळ संशयानं पाहिलं गेलं.

तिसरं दार टेटचं: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही डिसेंबर २०१७मध्ये पहिल्यांदा झाली, दुसऱ्यांदा थेट फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये, तिसऱ्यांदा मे-जून २०२५मध्ये. आठ वर्षांत तीन वेळा. जो २०१७ला तयार नव्हता त्याला पाच वर्षं थांबावं लागलं, आणि त्या पाच वर्षांत त्याचं वय, लग्न, आईवडिलांचा धीर हे काही थांबलं नाही. २०२३ची आणि २०२५ची परीक्षा दोन लाखांहून अधिक जणांनी दिली. इथं पास-नापास नाही. २००पैकी मिळालेल्या गुणांवर राज्याची गुणवत्ता यादी लागते. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे, वेळ १२० मिनिटं. हिशेब केला तर एका प्रश्नाला ३६ सेकंद. अभ्यासक्रमात तर्क आहे, अवकाशीय क्षमता आहे, वेग आणि अचूकता आहे, कूटप्रश्न आहेत, कल आणि समायोजनही आहे. बँकेच्या भरतीची तयारी केलेला मुलगा इथं सहज पुढे जातो, कारण खेळ त्याच्या ओळखीचा असतो. अभ्यासिकेत रात्री अकरा वाजता घड्याळ लावून सराव चालतो तो याचाच. पहिलीतलं पोर ‘घर’ वाचताना ‘घ’ आणि ‘ध’ यांत का गोंधळतं, हे ओळखणाऱ्या नजरेला मात्र या दोन तासांत एकही गुण मिळत नाही.

मी टेटच्या विरोधात नाही. तिच्या आधी खासगी संस्थांतल्या नेमणुका कशा होत हे महाराष्ट्राला माहीत आहे. कुठल्या विषयाच्या जागेचा काय दर चालू आहे हे लग्नाच्या मांडवात उघड बोललं जाई. शेतकरी बापानं तुकडा विकून मुलाला शाळेत ‘लावलं’, हे वाक्य या राज्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टेट आणि तिच्या गुणांवर चालणारं शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल यांनी तो बाजार बराच आटोक्यात आणला. गरिबाच्या मुलीला गुणांच्या जोरावर नोकरी मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. माझी तक्रार चाळणी कुठं लावली आहे याबद्दल आहे. फिनलंडमध्ये १९७९पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि तिथं कठोर निवड प्रशिक्षणाच्या आधी होते: लेखी परीक्षा, मग विद्यापीठात मुलाखत. ज्याला आत घेतलं त्याचं पुढं बहुतेक शिक्षकच होणं ठरलेलं. आपण उलट करतो. दार सताड उघडं ठेवून दोन-चार वर्षं फी घेतो, आणि प्रशिक्षण झाल्यावर, माणूस पंचविशीला आल्यावर, त्याला चाळणीत टाकतो. तिथून खाली पडलेला माणूस चाकणच्या बसमध्ये बसतो.

पवित्र पोर्टलचं कामकाज समजून घेणं हाही एक अभ्यासच आहे. उमेदवार आधी स्वप्रमाणपत्र भरतो. जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि खासगी संस्था आपल्या रिक्त जागांच्या जाहिराती टाकतात, पण त्याआधी प्रत्येकाला बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा रोस्टर, तपासून घ्यावी लागते. भरती लांबण्याचं एक मोठं कारण या तपासणीत असतं. एखाद्या जिल्ह्याचा रोस्टर अडला की त्या जिल्ह्याच्या जागा यादीतच येत नाहीत. मग उमेदवारानं प्राधान्यक्रम लावायचे आणि ‘लॉक’ करायचे. गडचिरोली आधी की रायगड, नंदुरबार टाकायचं की नाही, हे घरात चार-चार रात्री चर्चेत असतं. खासगी संस्थांसाठी मुलाखतीसह वेगळी फेरी. २०२३च्या टेटनंतर २१ हजारांहून अधिक पदांच्या जाहिराती आल्या आणि फेब्रुवारी २०२४मध्ये पहिल्या यादीत ११ हजारांच्या आसपास उमेदवारांची शिफारस झाली. दोन लाखांतले अकरा हजार. मधल्या काळात, ऑगस्ट २०२३मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, तिथं प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी, असं ठरवलं. डी.एड. विरुद्ध बी.एड. हे भांडण अभ्यासिकेतल्या एकाच बाकावर येऊन बसलं.

निवड झाल्यावर काय मिळतं? तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन २०२३च्या जानेवारीपासून वाढवून प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० केलं आहे. त्याआधी प्राथमिकला ६,००० मिळत. ओव्हरटाइम धरून कंत्राटी कामगाराच्या हातात जे पडतं त्याच्याशी या १६,०००ची तुलना प्रत्येक घरात होते. तरीही निवड झालेला मुलगा कंपनी सोडतो, कारण तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी असते आणि ठेकेदार कधी बदलेल ही धास्ती नसते. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारनं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक महिना १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमायचं ठरवलं, तेव्हा शिक्षकांनी रजा टाकून राज्यभर मोर्चे काढले ते याच कारणानं. कंत्राट टाळायलाच तर माणूस मास्तर व्हायला निघालेला असतो.

या पट्ट्यात आणखी एक रस्ता आहे, आणि तो मुख्यतः बायकांचा आहे. मोशी, वाकड, रावेत, पुनावळे इथं सोसायट्या उभ्या राहिल्या तशा इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं त्यांना वाट सोपी करून दिली. नवऱ्याची नोकरी कंपनीत, मुलं त्याच शाळेत, म्हणून घरातली पदवीधर बाई बी.एड. करते आणि तिथं लागते. टेट नाही, पवित्र नाही, गडचिरोलीही नाही. मात्र शाळेनं ठरवला तो पगार आणि शाळा सांगेल ते काम: बसवर ड्यूटी, स्नेहसंमेलन, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना फोन. या बायकांना शिक्षक भरतीच्या बातम्यांत जागा नसते, पण शहरातल्या मुलांच्या शिक्षणाचा मोठा भार त्यांच्यावर आहे.

महापालिकेच्या शाळेचं चित्र निराळं. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा माध्यमांच्या या शाळांत येणारी मुलं बहुधा बांधकामावरच्या, कंपनीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या घरांची. घरी भोजपुरी, वस्तीत कन्नड, वर्गात मराठी. डी.एड.च्या पुस्तकात असा वर्ग नसतो. बाप दिवाळीला गावी गेला की मूलही जातं आणि परत येईल तेव्हा येतं. इथं नव्यानं आलेला शिक्षक पहिल्या वर्षी शिकवतो कमी, मुलांना धरून ठेवायला शिकतो जास्त. बोपखेलची महापालिकेची इंग्रजी शाळा, जी आकांक्षा फाउंडेशनच्या साथीनं चालते, २०२२मध्ये जागतिक स्तरावरच्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी समाज-सहभागाच्या गटात पहिल्या दहांत आली होती. वस्तीतल्या लोकांना शाळेत आणण्याचं काम तिथं झालं.

आणि जालिंदरनगर. खेड तालुक्यातल्या कनेरसर परिसरातली, जिथल्या जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेल्या, त्या भागातली जिल्हा परिषदेची शाळा. २०२२मध्ये तिचा पट होता ३. कोष्टकाच्या भाषेत ती शाळा संपलेलीच होती. त्या वेळी तिथं बदलून आले दत्तात्रय वारे, ज्यांनी आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा गावाला हाताशी धरून अशी घडवली होती की तिथं प्रवेशासाठी पालक रांग लावत. जालिंदरनगरलाही त्यांनी गावकऱ्यांना कामाला लावलं आणि ‘विषयमित्र’ ही पद्धत बसवली: ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं, मग शिकवणारा तिसरीतला आणि शिकणारा पाचवीतला असला तरी चालेल. काही वर्षांत पट शंभराच्या पुढं गेला. २०२५मध्ये टी४ एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक पुरस्कारांत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. मला त्यात पुरस्कारापेक्षा पटाचं महत्त्व अधिक वाटतं. पट कमी म्हणून मास्तर कमी, हा नियम सरकारी आहे. मास्तर चांगला म्हणून पट जास्त, हे मात्र इथं घडलं. यातून एक अडचणीचा प्रश्नही निघतो: आसपासच्या शाळांतून ती मुलं आली असतील तर तिथल्या पटाचं काय? एका चांगल्या शिक्षकाच्या शाळेत वाढलेली संख्या ही कुठल्या तरी दुसऱ्या शाळेतली घट असू शकते, आणि तिथं एखादी जागा कमी होऊ शकते. म्हणून एखाद्या वारे सरांकडे बोट दाखवून सगळ्या तरुणांना ‘असे व्हा’ सांगणं मला पुरेसं वाटत नाही. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत त्यांना अशा शाळेत महिनाभर बसवलं, तर ते अधिक उपयोगी पडेल.

शिक्षक व्हायची खटपट आता नोकरीत असलेल्यांच्याही वाट्याला आली आहे. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला की सेवेत असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावं लागेल. ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे ते नोकरीत राहू शकतील, पण टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. त्यानंतरची राज्याची टीईटी २३ नोव्हेंबर २०२५ला झाली. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी आणि बाई, आणि त्यांच्याच हाताखाली शिकून डी.एड. झालेले तरुण, एकाच परीक्षेला बसले. अभ्यासिकांमध्ये त्या आधीच्या आठवड्यांत दोन्ही पिढ्या एकच गाइड विकत घेत होत्या. तरुणांमध्ये तेव्हा आणखी एक हिशेब चालू होता, जो ते गुरुजींसमोर बोलत नव्हते: मुदत संपेपर्यंत किती जण पास होणार नाहीत, आणि त्यामुळे आपल्या जिल्ह्यात किती जागा निघतील.